शांततावादक पाहिजे

‘खडीक्रशर’ या रॉक बँडमध्ये शांतता वाजवणारे अण्णाप्पा हेरवाडे निवृत्त झाले आणि त्यांची जागा भरण्याची जाहिरात निघाली, तेव्हा मी एक्कावन्न वर्षांचा होतो आणि वयोमर्यादा पंचावन्न होती.

ज्यांनी खडीक्रशर ऐकलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. इचलकरंजीत दिवसरात्र यंत्रमाग खडखडतात. इथं मूल रडायला लागतं तेच वरच्या पट्टीत. अशा गावात ज्याला आपलं म्हणणं दुसऱ्याच्या कानी घालायचंय, त्याला गिटार विजेला जोडण्यावाचून इलाज नसतो. इम्तियाज नदाफ यांनी तेवीस वर्षांपूर्वी ती जोडली. ते गातात आणि गिटार वाजवतात, तृप्ती खोत ड्रम वाजवतात, आणि दोन गाण्यांच्या मधली शांतता अण्णाप्पा वाजवायचे. त्यांना सगळे अप्पा म्हणत. पांढरा पायजमा घालून ते प्लास्टिकच्या स्टुलावर बसायचे. गाणं संपलं की उजव्या हाताची दोन बोटं उचलायचे, आणि मैदानावर शांतता सुरू व्हायची. आठ-दहा सेकंदच. तेवढा वेळ मैदानाबाहेरचे मागसुद्धा ऐकू यायचे नाहीत. मग बोटं खाली, आणि पुढचं गाणं.

हे काम किती जोखमीचं आहे ते जयसिंगपूरच्या कार्यक्रमात कळलं. अप्पांना त्या दिवशी खोकला होता. ‘डांबर’ हे गाणं संपलं, अप्पांनी बोटं उचलली, ऐन वेळी ठसका लागला, आणि ‘उभा जिना’ हे पुढचं गाणं सरळ ‘डांबर’मध्ये घुसलं. दोन्ही गाणी एकमेकांत अडकली ती अडकलीच. सोडवायला दोन जॉबर बोलावले. जॉबर म्हणजे मागाचे मिस्त्री. त्यांनी तासभर कडवी ठोकून पाहिली, त्यात एक धृपद वाकलं, शेवटी नाद सोडला. आजही ती दोन गाणी एकत्रच वाजवावी लागतात.

मी बँडचा एकही कार्यक्रम चुकवला नव्हता. लोक गाण्यांसाठी जायचे, मी मधल्या जागांसाठी जायचो. आपण त्या स्टुलावर बसावं, एवढी एकच इच्छा मी आयुष्यात धरली होती. बाकीच्या सगळ्या इच्छा रजनीनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, धरल्या आणि माझ्याकडून पूर्णही करून घेतल्या.

आणि माझ्याकडे अनुभव होता. मी यंत्रमागधारकांच्या एका संघाच्या कार्यालयात सचिव आहे. आमची प्रत्येक सभा श्रद्धांजलीनं सुरू होते, कारण दोन सभांच्या मधे कोणी ना कोणी गेलेलं असतंच. "आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं," हे वाक्य मी सव्वीस वर्षं म्हणतो आहे. अर्जात ‘पूर्वानुभव’ या रकान्यात मी लिहिलं, ‘अंदाजे सहाशे शांतता, सर्व उभ्यानं.’

रजनीनं अर्ज वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"यात परीक्षा कसली घेणार ते?" ती म्हणाली. "लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, मी काय विचारलं की गप्पच असता की तुम्ही. मला विचारा म्हणावं, मी देते सर्टिफिकेट."

"ती घरगुती शांतता. स्टेजवरची वेगळी असते."

"मग स्टेजवरचीच घरातपण वाजवा जरा. ती तरी बघू."

मी रोज संध्याकाळी चार ते पाच सराव सुरू केला. चौथ्या दिवशी सूर लागला. खोलीतलं घड्याळ आधी मंदावलं, मग त्याचे काटे नुसतेच फिरायला लागले. सहाव्या दिवशी शांतता स्वयंपाकघरापर्यंत पोचली, कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या नाहीत आणि वरण करपलं. रजनी करपलेलं भांडं घेऊन दारात उभी राहिली. तिचे ओठ बराच वेळ हलत होते. मी सराव थांबवला तेव्हा तिचं वाक्य मधूनच ऐकू आलं, "…आणि तुमची आईसुद्धा अशीच!"

नवव्या दिवशी खालच्या मजल्यावरचे पाटणी वर आले.

"मगदूमसाहेब, तुमची शांतता आमच्या बाथरूममधून खाली येती," ते म्हणाले. "काल माझा भाऊ आत गाणं म्हणत होता. त्याला वाटलं वाचा गेली. पुसायचं सोडून तसाच बाहेर आला ओ. घरात पाहुण्या होत्या."

"भिंतीला भेग असेल."

"भेग नाही. माझं म्हणणं, रॉक बँड म्हटल्यावर आम्ही आवाजाची तक्रार करायची तयारी केलेली. अर्जपण लिहून ठेवलेला. आता त्यात काय लिहू?"

सोसायटीनं ठराव करून मला गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे जागा दिली. तिथं कावळे यायचे, चोच उघडायचे, आणि आपण कावळे आहोत याबद्दल शंका आल्यासारखे निघून जायचे. मला आत्मविश्वास आला.

निवड परीक्षा एका मंगल कार्यालयात होती. लग्नाचा हंगाम नव्हता. परीक्षक वरपक्षाच्या खोलीत बसले होते, उमेदवारांना वधूपक्षाची खोली दिली होती. आम्ही एक्केचाळीस जण होतो. परीक्षक तिघं, इम्तियाज नदाफ, तृप्ती खोत आणि स्वतः अप्पा. शांततेच्या खोलीला चाळीस गुण, स्वच्छतेला तीस आणि शेवटाला तीस.

पहिल्याच फेरीत बरेच गळाले. एका निवृत्त मुख्याध्यापकांची शांतता उत्तम होती, पण तिच्यात धाक होता. तृप्तीताईंनी नकळत हात पुढे केला, छडी खायला करतात तसा. एका तरुणाच्या शांततेत मोबाईल थरथरत होता, तो त्यानं घरी ठेवला होता तरीही. एका विधुराची शांतता इतकी जड निघाली की दोन फरश्यांना तडा गेला. त्यांना अप्पांनी स्वतः दारापर्यंत सोडलं आणि शेऱ्यात लिहिलं, ‘वैयक्तिक.’

माझं नाव पुकारलं. मी आत जाऊन मधोमध उभा राहिलो.

"दोन मिनिटांची शांतता वाजवा," अप्पा म्हणाले. "सलग. मधे दम घ्यायचा नाही."

"कुठल्या प्रकारची?"

"तुमची जी असेल ती."

मी हात शरीराला चिकटवले, मान किंचित खाली घातली आणि सुरुवात केली. पहिल्या पाच सेकंदांतच काम जमलं हे मला कळलं. पंख्याचा आवाज गेला. रस्त्यावरून रिकामी पिंपं नेणारा टेम्पो चालला होता, तो कापसासारखा पुढे सरकला. आणि मग, आजवर कुठल्याही परीक्षेत झालं नसेल असं झालं. तृप्तीताई उभ्या राहिल्या. मग इम्तियाजभाई उठले, त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. दारातला वॉचमन ताठ झाला. शेवटी अप्पासुद्धा गुडघ्यावर हात टेकून उभे राहिले. कोणी गेलेलं नव्हतं, तरी सगळ्यांना कोणीतरी आठवत होतं. ते स्टूल मला दिसायला लागलं.

आणि माझ्याच तोंडून मला ऐकू आलं, "धन्यवाद. सर्वांनी खाली बसून घ्यावं ही विनंती."

सगळे बसले. इम्तियाजभाईंनी रुमालानं कपाळ पुसलं. वॉचमन विडी शोधायला लागला. फक्त अप्पा घड्याळाकडे बघत होते.

"अडतीस सेकंद," ते म्हणाले.

मी सव्वीस वर्षं दोन मिनिटं म्हणून जे वाजवत आलो होतो, ते अडतीस सेकंदांचं होतं. सहाशे माणसं अडतीस-अडतीस सेकंदांत निरोप घेऊन गेली होती, आणि त्यांच्या घरच्यांनी मला हात जोडले होते.

"मला तर दोन मिनिटं झाली असंच वाटलं," इम्तियाजभाई म्हणाले.

"मलापण," तृप्तीताई म्हणाल्या. "आमच्या काकांच्या वेळी एवढंच होतं की."

"सगळीकडे एवढंच असतं, पोरी," अप्पा म्हणाले. "दोन मिनिटं खरी कोण उभं राहिलंय का आजपर्यंत? पण ही परीक्षा हाय. परीक्षेत घड्याळ चालतंय."

तरीही मला ब्याऐंशी गुण मिळाले. खोली चौतीस, स्वच्छता एकोणतीस, शेवट एकोणीस. शेऱ्यात लिहिलं होतं, ‘शेवट अकाली, परंतु नम्र.’ संध्याकाळपर्यंत माझ्या जवळपास कोणी नव्हतं. चाळिसावा उमेदवार बाहेर आला त्याला एकसष्ट होते. मी रजनीला फोन करून सांगितलं, "बहुतेक जमलं." ती म्हणाली, "आता स्टेजवर जाताना तो चॉकलेटी शर्ट घालू नका म्हणजे झालं."

एक्केचाळिसावा उमेदवार उशिरा आला, टेम्पोतून. चार हमालांनी तो उतरवला. तो एक यंत्रमाग होता. साधा, जुना, बाजूला गंजलेला. बरोबर त्याचे मालक दगडू कोष्टी होते. साठीचा, काटक, बेताचं बोलणारा माणूस.

"उमेदवार कुठाय?" दारावर वॉचमननं विचारलं.

"ह्यो की," कोष्टी म्हणाले. "फॉर्म मी भरलाय. त्याला लिवता येत न्हाई."

"कधीपासून बंद आहे?"

"नऊ वर्षं झाली. आमच्या आबांचा. एका सकाळी गप झाला तो झालाच."

माग आत नेला, कोष्टींनी त्याच्यावरची ताडपत्री काढली. दार लागलं. कोष्टी बाहेर माझ्याशेजारी येऊन बसले, आणि आतून शांतता सुरू झाली.

मी या धंद्यातला माणूस आहे, म्हणून सांगतो. माझी शांतता माणसं गेल्यानंतरची होती. ही तशी नव्हती. आधी पंखा गेला, मग रस्ता गेला, मग मला माझा श्वास ऐकू येईना. त्यानंतर जे ऐकू येत नव्हतं, ते मोजता येत होतं. पट्टा ऐकू येत नव्हता. मोटर ऐकू येत नव्हती. इकडून तिकडे जाणारा धोटा दर सेकंदाला तीनदा ऐकू येत नव्हता. पहाटे जाग आल्यावर शेडमधून आवाज येत नाही म्हणून अंथरुणात ताठ होणारी अख्खी गल्ली तिच्यात होती. दोन मिनिटं झाली. पाच झाली. वीस मिनिटांनी परीक्षक मागच्या दारानं बाहेर आले, कारण शांतता संपायचं नाव घेत नव्हती. कोष्टी उठले, आत जाऊन त्यांनी मागावर ताडपत्री टाकली, तेव्हा कुठं पंखा फिरल्याचा आवाज आला. तृप्तीताई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

निकाल वधूपक्षाच्या खोलीच्या दारावर लावला. यंत्रमाग, मालक द. भ. कोष्टी. खोली चाळीस. स्वच्छता साडेएकोणतीस, मागात राहणारी पाल एकदा चुकचुकली, त्याचा अर्धा गुण कापला होता. शेवट तेरा. एकूण साडेब्याऐंशी.

मला जबर धक्का बसला. मी यादी तीनदा वाचली, मग बोट ठेवून वाचली. अर्धा गुण. त्या पालीनं आणखी दोनदा तोंड उघडलं असतं तर मी आज बँडमध्ये असतो. मी तिथल्या तिथं हरकत नोंदवली. तिघं परीक्षक सतरंजीवर बसून चहा पीत होते.

"जाहिरातीत ‘उमेदवार स्थानिक रहिवासी असावा’ असं आहे," मी म्हणालो.

"ह्याचा जन्म कुठला का असंना, एकोणपन्नास वर्षं लिगाडे गल्लीत हाय," अप्पा म्हणाले. "वयातबी बसतोय."

"उमेदवारानं परीक्षेला स्वतः चालत यावं, असंही आहे."

"नियम पाच वाचा, मगदूम. चालता येत नसल्यास सोबत एक नातेवाईक."

"त्यानं वेळ पाळली का? मला अडतीस सेकंदांवर धरलंत, त्यानं तर वीस मिनिटं घेतली!"

"त्याचे सतरा गुण कापलेत की," इम्तियाजभाई म्हणाले. मग कप खाली ठेवून म्हणाले, "तुमची मला आवडली, सचिवसाहेब. खरंच. तुमची ऐकून माणूस हळहळतो. पण त्याची ऐकून…" त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. ते स्वतः गायक आहेत, त्यामुळे तो भाग त्यांना नीट जमला नाही, पण अर्थ पोचला.

घरी जाऊन रजनीला सांगितलं. ती दारातच थांबली.

"मशीनला घेतलं? तुम्हाला सोडून?"

"मशीन नाही. माग."

"चालू का बंद?"

"बंद."

ती खुर्चीवर बसली. "मग बरोबर आहे," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "अर्ध्या गुणानं? आईशप्पथ?" आणि पदरानं तोंड दाबलं. ती हसतेय की रडतेय हे मी विचारलं नाही. वरण त्या दिवशी नीट झालं होतं. मला ते गिळवलं नाही.

आठवड्यानं पत्र आलं. प्रतीक्षा यादीत माझा क्रमांक पहिला होता. यादीची मुदत ‘एक वर्ष; या काळात निवड झालेला उमेदवार सुरू झाल्यास त्याची जागा यादीतून भरण्यात येईल.’

हे वाक्य मी दिवसभर खिशात घेऊन हिंडलो. माझ्या मनात पाप आलं हे कबूल करतो. दुसऱ्या दिवशी मी आमच्या संघाच्या ओळखीतला एक हुशार जॉबर, मैनुद्दीन शिकलगार, आणि तेलाचा कॅन घेऊन लिगाडे गल्लीत गेलो. कोष्टी शेडच्या दारात बसले होते. मी काही बोलायच्या आत त्यांनी कॅन बघितला.

"करा चालू," ते म्हणाले. "झाला तर माझं सोनंच झालं की. तुमची नोकरी, माझं कापड. चार जॉबर झाले आजवर."

शिकलगारनं ताडपत्री काढायच्या आधी कानात बोळे घातले. त्यानं तेल दिलं, पट्टा बदलला, मोटर उघडून तपासली, बटण दाबलं. मोटर फिरत होती, माग जागचा हलत नव्हता. तासाभरानं त्यानं बोळे काढले, मागाच्या लाकडी फळीला कान लावला आणि बराच वेळ तसाच बसला. ताडपत्री परत टाकून तो बाहेर आला, तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"काय बिघडलंय?" मी विचारलं.

"काय बी बिघडलं न्हाई, साहेब," तो हात पुसत म्हणाला. "घडीव काम हाय, एक नंबर. त्याच्या मनात न्हाई."

कोष्टींनी मान हलवली. "मी हेच म्हणत होतो," ते म्हणाले, आणि आत चहा टाकायला सांगितलं. आम्ही तिघांनी चहा घेतला. तेलाचा कॅन मी तिथंच ठेवला. न्यायला बरं दिसलं नसतं.

पहिला कार्यक्रम मार्चमध्ये होता, संध्याकाळी सहाला. मी जाणार नव्हतो. रजनीनं तिकिटं काढून आणली आणि चॉकलेटी शर्ट इस्त्री करून ठेवला. "आता कोण बघतंय," ती म्हणाली. पाटणीही सहकुटुंब आले होते, भावाला घेऊन.

स्टेजवर स्टूल नव्हतं. ड्रमच्या डावीकडे माग उभा होता, अंगावर ताडपत्री, तिच्यावर झेंडूचा हार. ‘वायंडिंगवाली’ या गाण्यानं सुरुवात झाली. शेवटचा ठोका पडला आणि कोष्टींनी, नवा सदरा घालून, ताडपत्री ओढली.

आठ सेकंद. मी तोंड मिटून सहन करायला बसलो होतो. मला वाटलं होतं, दुसऱ्याच्या हातात आपली जागा बघताना जळफळाट होईल. झाला नाही, आणि त्याचाच मला जास्त धक्का बसला. मैदानावर पाच-सहा हजार माणसं होती आणि एकही माणूस समोर बघत नव्हता. प्रत्येक जण थोडा डावीकडे किंवा थोडा उजवीकडे, आपापल्या शेडच्या दिशेला बघत होता. कोष्टींनी ताडपत्री टाकली. इम्तियाजभाईंना पुढचं गाणं सुरू करायला दोनदा घसा खाकरावा लागला.

तिसऱ्या शांततेनंतर शेजारच्या अनोळखी माणसानं मला हळूच विचारलं, "तुमचे किती होते?"

"माझा एकही नाही. मी कार्यालयात असतो."

"आमचे बारा," तो म्हणाला. "त्यातला सातवा गेला तो सेम ह्याच सुरात." आणि त्यानं मला शेंगदाणे दिले.

कार्यक्रम संपल्यावर स्टेजच्या मागे रांग लागली. इम्तियाजभाई आणि तृप्तीताई एका बाजूला मोकळेच उभे होते. लोक मागाला भेटायला थांबले होते. ताडपत्रीबाहेर राहिलेली त्याची सुरू करायची लोखंडी मूठ हातात घ्यायची, क्षणभर उभं राहायचं आणि पुढे सरकायचं. रजनी म्हणाली, "जा, भेटून या. मोठेपणा असतो तो." मी रांगेत उभा राहिलो. दीड तास लागला. माझ्या पुढे एक म्हातारी होती. तिनं मूठ धरली, तिच्याशी काहीतरी बोलली, मग कनवटीची खडीसाखर काढून मागाच्या फळीवर ठेवली.

मग माझी पाळी आली. मी हात पुढे केला, आणि कोष्टींनी ताडपत्री मुठीवरही ओढून घेतली.

"आता नको, मगदूम," ते म्हणाले. "दमलाय त्यो."

मी आग्रह केला नाही. एका बैठकीत सोळा शांतता वाजवल्यावर कोणीही दमेल. मी मागे वळलो, आणि रांगेच्या शेवटापर्यंत चालत जाऊन प्रत्येकाला सांगितलं, की आज भेट होणार नाही, उद्या सकाळी दहानंतर लिगाडे गल्लीत यावं, आणि येताना पायताण बाहेर काढावं.